रंगुबाईचा शेवटचा गोठा

पारनेरपासून आडबाजूला, डोंगराच्या पायथ्याशी बाभुळदरा नावाचं गाव आहे. तिथं रंगुबाई राहायची. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, पोटी मूल नाही. जमीन म्हणाल तर एका खोलीच्या घरामागची चार हात मोकळी जागा. तेवढ्या भांडवलावर बाई जन्मभर कुणापुढं हात न पसरता जगली. कशावर? तर शेणावर. हसू नका. शेणावर जगणं म्हणजे काय ते ऐकून घ्या आधी.

तांबडं फुटायच्या आत रंगुबाई डोक्यावर पाटी घेऊन निघायची. एकेका घरी जायचं, मागच्या दारानं गोठ्यात शिरायचं, झाडलोट करायची, गव्हाणीतली उष्टी वैरण बाजूला काढायची, ओल झाली असेल तिथं राख पसरायची, आणि त्या बदल्यात शेण उचलायचं. पैशाचा व्यवहारच नाही. तुमचा गोठा लख्ख झाला, माझी पाटी भरली, रामराम. घरी आणलं की त्यात बाजरीचं भुसकट कालवायचं, गवऱ्या थापायच्या, एका अंगानं वाळल्या की उलटायच्या, खडखडीत झाल्या की रचून ठेवायच्या. पारनेरचा कुंभार, बाजारातले चहावाले आणि गुरं नसलेली घरं, ही तिची गिऱ्हाईकं. बाजारच्या दिवशी टेम्पोच्या टपावर तिच्या गवऱ्यांची पोती चढायची आणि ड्रायव्हरच्या मागं कोपऱ्यात ती स्वतः.

पण रंगुबाईला खरा आधार होता तो गोठ्यांचा. गोठा ही मोठी अजब जागा. ओसरीवर तोंडात मूग धरून बसणारी सून गोठ्यात धार काढता काढता मनातलं सगळं ओकून टाकते. कुणाला दिवस गेलेत, कुणाला माहेराहून बोलावणं नाही, कुणाचा नवरा पिऊन येतोय, हे घरच्यांच्या आधी रंगुबाईला कळायचं. ती ऐकायची, "व्हय गं बाई" म्हणायची, आणि खराटा चालू ठेवायची. इतक्या वर्षांत तिनं एका घरचं दुसऱ्या घरी काही नेलं नाही. शेण तेवढं नेलं. म्हणून तर बायका तिच्यापाशी बोलायच्या. कुठं अर्धा कप चहा मिळायचा, कुठं रात्रीची भाकरी आणि ठेचा. सगळे गोठे उरकून घरी येईस्तोवर रंगुबाईचं पोट आणि कान दोन्ही भरलेले असायचे. मग दिवसभर एकटीनं गवऱ्या थापायला काही वाटायचं नाही.

मग पावसाचं बिनसलं. आधीही तो या भागाला फार धार्जिणा नव्हताच, पण निदान त्याच्या येण्याजाण्याला काही रीतभात होती. ती गेली. ज्या नक्षत्रात यायचा त्यात तोंड दाखवेना, आणि खळ्यावर कणसं पडली की हमखास येऊन भिजवून जायचा. एका माघात तर असा कोसळला की रंगुबाईच्या वाळत घातलेल्या गवऱ्यांचं पुन्हा शेण झालं. म्हातारी माणसं म्हणायला लागली, असं आमच्या हयातीत झालं नव्हतं. विहिरींनी तळ दाखवला. त्यात सरकारची पाणी अडवायची योजना गावात आली आणि सरपंच आबासाहेबांनी ती दोन्ही हातांनी उचलली. डोंगरावर चर खोदले, रोपं लावली. आता डोंगरावर गुरं सोडायची नाहीत आणि कुऱ्हाड चालवायची नाही, असा ठराव झाला. गावानं तो पाळलाही. दोन पावसाळ्यांत विहिरींना पाणी दिसायला लागलं, तेव्हा ठरावाला नावं ठेवणाऱ्यांनी तोंडं मिटली.

काम चांगलंच होतं. रंगुबाईसुद्धा तसंच म्हणायची. तिच्याच दारापुढच्या आडाला पाणी वाढलं होतं, वाईट कशाला म्हणेल? पण डोंगर बंद झाल्यावर माळावर पडलेलं सुकं शेण वेचायला मिळेना. आणि कुऱ्हाड बंद झाल्यावर गावानं चुलीत घालायचं काय? त्याचंही उत्तर आबासाहेबांकडं तयार होतं. गोबरगॅस! सरकार मदत देतंय, सूर्यभान गवंडी नगरला जाऊन बांधायचं शिकून आलाय, दारात गुरं आहेत, मग अडलंय कुठं?

पहिला खड्डा आबासाहेबांच्याच गोठ्यामागं खोदला गेला. वीटकाम झालं, घुमट झाला, वर माती लोटली. बाहेर राहिली ती शेण कालवायची टाकी, मळी बाहेर यायचं तोंड आणि स्वयंपाकघरात जाणारी नळी. शेगडी पेटली त्या दिवशी आबासाहेबांच्या बायकोनं रंगुबाईला हाताला धरून आत नेलं.

"बघ की गं, कशी निळी निळी जळती! धूर न्हाई, फुंकनी न्हाई, काय न्हाई."

रंगुबाईनं बघितलं. त्या निळ्या जाळावरची भाकरी खाल्ली. टम्म फुगलेली, मऊ, कुठं काही वास नाही. "झ्याक हाय," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. दुसऱ्या दिवशी सवयीनं ती आबासाहेबांच्या गोठ्यात शिरली तर गोठा आधीच झाडलेला, आणि शेण टाकीत पडलेलं.

"आता शेन न्हाई द्याया व्हायचं, रंगुबाई," आबासाहेबांची बायको ओशाळून म्हणाली. "पन चहा पिऊन जा."

रंगुबाई चहा पिऊन गेली. एक गोठा गेला तर गेला, बाकी गाव पडलंय की, असं तिला तेव्हा वाटलं.

गाव कसलं पडलंय! शेजारणीच्या घरी निळा जाळ आणि आपल्या डोळ्यांत धूर, हे कुठल्या बाईला सोसेल? वर्ष-दोन वर्षांत खड्ड्यामागून खड्डे खोदले गेले. रंगुबाई सकाळी निघायची, एकेका मागच्या दाराशी थबकायची, टाकीत शेण कालवायचा आवाज आला की पुढं व्हायची. वाईट कुणीच वागलं नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. सगळ्यांनी "चहा पिऊन जा" म्हटलं. पण काम नसताना कुणाच्या दारात चहासाठी किती दिवस उभं राहायचं? हळूहळू तीच त्या आळ्यांनी जाईनाशी झाली. खुरपणीला जायची, पण खुरपणीला पोरीसोरींचा घोळका. त्यांच्या गप्पा त्यांच्याशी. ही आपली एका ओळीत मान खाली घालून.

होता होता एकच गोठा राहिला. आक्काबाईचा.

आक्काबाई रंगुबाईहून चार-पाच वर्षांनी मोठी. तीही नवरा गेलेली, पण भरल्या घरातली. मुलगा बन्सी, सून सीमा, दोन म्हशी, एक बैलजोडी, विहिरीवरची थोडी बागायत. दोघींचं सूत असं की रंगुबाई गोठ्यात शिरली की आक्काबाई गुडघ्यावर हात टेकत उठून मागं यायचीच, आणि उलट्या घमेल्यावर बसून बोलत राहायची. बोलायला विषय लागतो असं थोडंच आहे? म्हशीनं रात्री दावं तोडलं, इथपासून सुरू व्हायचं ते दोघींचे मेलेले नवरे कसे भांडायचे, इथपर्यंत. मग दोघी हसायच्या, आणि हसता हसता आक्काबाईला खोकल्याची ढास लागायची.

गॅसचं घरात निघालं तेव्हा आक्काबाईनं रंगुबाईला विचारलं होतं. "तू त्या आबासाहेबाकडची भाकरी खाल्ली म्हनं. कशी असती गं?"

आता इथं रंगुबाईनं काय करावं? तिनं खराटा थांबवला नाही, मान वर केली नाही, आणि म्हणाली, "वास येतो, आक्का. शेनाचा. फुगत बी न्हाई धड."

तोंडातून गेलं आणि गेलं. आक्काबाई "आसं व्हय" म्हणाली आणि विषय बदलला. त्या दिवसापासून बन्सीनं गॅसचं नाव काढलं की म्हातारी ठणकावून सांगायची, "माझ्या जित्तेपनी ह्या घरात शेनाच्या वासाची भाकरी व्हनार न्हाई." बन्सी चिडायचा. सीमा, बिचारी नवी सून, धुरात डोळे पुसत बसायची. आणि रंगुबाईला रोज सकाळी पाटीभर शेण मिळायचं आणि तासभर आक्का मिळायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर आबासाहेब स्वतः आक्काबाईच्या दारात आले. रंगुबाई मागं गोठ्यातच होती.

"आक्काबाई, नगरचं सायेब येनार हायत. आपलं गाव बिनधुराचं म्हनून जाहीर व्हनार हाय, वेशीवर तसा बोर्ड लागनार हाय. गुरं आसलेल्या घरांत तेवढं तुमचंच राह्यलंय. कशापायी आडून बसलाय?"

"वास येतो भाकरीला," आक्काबाई म्हणाली.

"कोन म्हनतं? आमी काय शेन खातो व्हय?"

बन्सी हसला, आबासाहेब हसले. आक्काबाई हसली नाही. आणि गोठ्यात रंगुबाईनं पाटी अर्धीच भरून उचलली आणि कुणाला न भेटता घरी गेली. आपलं खोटं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला फार वाईट वाटतं.

तरीही ती गप्पच राहिली. का राहणार नाही? बन्सीनं तर एकदा रंगुबाईला सांगितलंही होतं, "मावशे, आमी गॅस घेतला तरी तुला ज्वारी-बाजरी कमी पडू द्यायचो न्हाई." भला मुलगा. पण त्यानं पोटाचं बोललं, आणि रंगुबाईचं दुखणं पोटाचं नव्हतंच. पोटाला काय, खुरपणीवरही भागत होतं. दिवसातून एकदा कुणीतरी "रंगे" म्हणून हाक मारावी, आपली वाट बघत बसावं, एवढ्यासाठी ती त्या गोठ्याला धरून होती. गावात तिला "रंगे" म्हणणारं दुसरं माणूसच उरलं नव्हतं.

थंडी वाढली तशी आक्काबाईची ढास वाढली. एका सकाळी ती गोठ्यात आलीच नाही. सीमा धार काढायला आली, डोळे सुजलेले.

"आक्का कुठं?"

"निजल्यात. काल पारनेरला नेल्तं." सीमा म्हशीच्या अंगाला डोकं टेकून बोलत होती. "डॉक्टर म्हनला, छाती धुरानं खाल्लीय. आता धुरात ऱ्हायल्या तर औषीद देऊन उपेग न्हाई म्हनला. मावशी, तुमचं त्या आयकत्यात. तुमी तरी सांगा ना त्यास्नी."

धारेचा आवाज चालू राहिला. रंगुबाईला "व्हय गं बाई" म्हणता येईना.

घरी येऊन तिनं शेण ओतलं, भुसकट घातलं आणि कालवायला बसली. इतक्या वर्षांत गवरी थापताना हातांना विचारावं लागलं नव्हतं. त्या दिवशी हात चालेनात. ती ज्या गवऱ्या थापत होती त्यांतल्या अर्ध्याअधिक, डोंगरावरचं सरपण बंद झाल्यापासून, आक्काच्याच चुलीला जात होत्या. आक्काच्या गोठ्यातलं शेण आणायचं, त्याच्या गवऱ्या करून आक्काच्याच घरी द्यायच्या, आणि त्यांचा धूर आक्कानं गिळायचा! हे आपल्याला आजवर दिसलं कसं नाही, म्हणून तिनं शेणाच्याच हातानं कपाळ बडवून घेतलं. मग दिवसभर ती तशीच बसून राहिली. खरं सांगितलं तर आक्का जगेल आणि सकाळ मरेल. नाही सांगितलं तर सकाळ राहील, पण किती दिवस? आणि आक्का गेली तरी सकाळ जाणारच की! हा हिशेब शेवटी कुठं येतो ते तिला समजत होतं. पण समजणं वेगळं आणि जाऊन तोंड उघडणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी ती पाटी न घेता गेली. पहिल्यांदाच पुढच्या दारानं. आक्काबाई भिंतीला टेकून बसली होती, अंगावर घोंगडी. चुलीचा धूर आढ्यापर्यंत भरलेला. सीमा फुंकणी घेऊन वाकलेली.

"आक्का, मी तुला खोटं सांगितलं हुतं," रंगुबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. आत येऊन बसली तर बोलणं व्हायचं नाही हे तिला ठाऊक होतं. "गॅसच्या भाकरीला वास येत न्हाई. चांगली असती. फुगती बी."

आक्काबाईनं तिच्याकडं बघितलं. मग तिला ढास लागली.

"ठावं हाय मला," आक्काबाई म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"आबासाहेबाच्या नातवाच्या बारशाला मी बी जेवल्ते की. भाकरी खाल्ली मी. लई गोड हुती."

"मंग? मंग गं सटवे?" रंगुबाईचा आवाज चढला. "मंग एवढं दीस धूर का गिळीत बसली?"

"तू कुठं गेली असती मंग सकाळची?"

झालं. रंगुबाई उंबऱ्यातच मटकन बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. सीमा फुंकणी हातात धरून दोघींकडं बघत राहिली.

"माझ्या गवऱ्या मसनात गेल्या, रंगे," आक्काबाई म्हणाली. "चार दीस आधी काय आन् मागून काय. तुझं काय व्हईल त्याचा घोर हुता."

"चूप बस," रंगुबाई म्हणाली. डोळे पुसले, उठली, आणि तिथून थेट सूर्यभान गवंड्याच्या दारात गेली. "सूर्यभान, आक्काबाईकडं खड्डा घ्यायचा. आजच बघून ये." सूर्यभान जेवत होता. त्याला घास गिळून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

खड्डा झाला, घुमट झाला. पण एक अडचण निघाली. पहिला भराव भरायला ताजं शेण भरपूर लागतं, आणि दोन म्हशी नि एक बैलजोडी मिळून तेवढं कुठून टाकणार? सूर्यभान म्हणाला, साठवत बसलात तर होळी येईल. गावात तर जो तो आपापल्या टाकीत घालतोय, कोण देणार?

"मी आनते," रंगुबाई म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ती पाटी घेऊन निघाली. ज्या आळ्यांनी जायचं सोडलं होतं त्याच आळ्यांनी, त्याच मागच्या दारांनी. "आक्काबाईच्या गॅसला पाटीभर शेन द्या. आजच्या रोज तुमची टाकी उपाशी राह्यली तर काय बिघडत न्हाई." कुणी नाही म्हटलं नाही. म्हणणार कसं? आक्काबाईची ढास साऱ्या गावाला ऐकू येत होती. रंगुबाई मात्र फुकटचं घ्यायला तयार नव्हती. तिनं खराटा हातात घेतला आणि एकेक गोठा आधी झाडून काढला.

"रंगुबाई! किती दिसांनी गं!" बायका मागं येऊन उभ्या राहिल्या. आणि मग सुरूच झालं की! दोन वर्षांचं तुंबलेलं. कुणाची पोर नांदायला गेली होती आणि परत आली होती. कुणाच्या जावेनं बोलणं टाकलं होतं. आबासाहेबांच्या बायकोनं तर तिला धरूनच ठेवलं. एवढ्या मोठ्या घरात आपल्याशी कुणी बोलत नाही, असं ती हळूच म्हणाली. रंगुबाई "व्हय गं बाई" म्हणत राहिली, पाट्या भरत राहिली, वाहत राहिली. बन्सीनं बैलगाडी आणतो म्हटलं तर तिनं त्याला हाकलून दिलं. अशी ती सलग काही दिवस फिरली. कंबरेचा काटा ढिला झाला, पण चेहरा असा फुललेला की सीमा म्हणाली, "मावशी, तुमी तर ल्हान झाल्यासारख्या दिसताय." शेवटची पाटी टाकीत ओतली, हात धुतले, आणि मग तिच्या ध्यानात आलं की उद्या कुणाच्याच गोठ्यात जायचं कारण नाही.

गॅस धरायला काही दिवस गेले. मग एका दुपारी शेगडी पेटली. आक्काबाईनं स्वतः चहा ठेवला आणि पहिली बशी रंगुबाईच्या हातात दिली. "कामधाम नसलं तरी रोज यायचं," तिनं दम भरला. "न्हाई आलीस तर मी येऊन झिंज्या उपटीन."

नगरचे साहेब आले त्या दिवशी गावानं रांगोळ्या काढल्या. आदल्या सांजेला आबासाहेब रंगुबाईच्या दारात आले आणि जरा घुटमळले.

"रंगुबाई, उद्या सायेब गावात हायत तवर तेवढी चूल पेटवू नगंस."

"आन् माझं घर? बिनधुराच्या गावात माझं घर धरलंय का न्हाई?"

"तुला गुरं कुठं हायत? गुरं आसलेलीच घरं धरल्यात." आबासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना स्वतःलाच ते बोलणं कसनुसं वाटलं असावं. "जेवायला आमच्याकडं ये उद्या," ते म्हणाले.

रंगुबाई गेली नाही. चूल पेटवली नाही. रात्रीची भाकरी पाण्याबरोबर खाल्ली आणि वेशीवरचं भाषण घरात बसून ऐकलं. भाषणात पावसाचं होतं, झाडांचं होतं, धुरापासून सुटलेल्या आयाबहिणींचं होतं. खरंच होतं सगळं.

आक्काबाईच्या दमाला भिऊन म्हणा, ओढीनं म्हणा, रंगुबाई रोज जात राहिली. पण आता पाटी नाही, म्हणजे मागच्या दारानं जायचं कारण नाही. पुढच्या दारानं जायचं. पुढच्या दारानं आलेल्या माणसाला बसायला घालतात. सीमानं सतरंजी अंथरली. "बसा मावशी," म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मुलगी गुणाची, तिनं प्रेमानंच केलं. रंगुबाई सतरंजीच्या कडेला बसली. आक्काबाई समोर बसली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. हातांचं काय करावं ते रंगुबाईला कळेना. गोठा झाडता झाडता तोंडातून आपोआप येणारं बोलणं समोरासमोर बसल्यावर येईना.

"बरी हाय का छाती?"

"बरी हाय."

"औषीद घेती न्हवं?"

"घेती की."

मग चहा आला. चहा झाल्यावर उठायचं. एकदा तिनं न राहवून खराटा उचलला तर सीमानं धावत येऊन हातातून काढून घेतला. "आता कशाला मावशी? लोक काय म्हनतील, पाव्हण्या बाईला कामाला लावलं!" पाव्हणी बाई! रंगुबाई हसली, पण त्या दिवशी चहा काही गोड लागला नाही. मग एक दिवसाआड झालं, मग बाजारच्या दिवशी येता-जाता. आक्काबाई झिंज्या उपटायला आली नाही. आली असती, पण गुडघे चालत नव्हते. तिनं दोनदा बन्सीबरोबर निरोप धाडला. रंगुबाईनं दोन्ही वेळा सांगितलं, "येते म्हनावं, खुरपनीचं उरकलं की."

शिमग्याच्या आधीची गोष्ट. रंगुबाईला तांबडं फुटायच्या आत जाग आलीच. ती सवय काही सुटत नव्हती. पडून पडून अंग दुखलं, तेव्हा ती उठली आणि नुसतीच चालायला लागली. पाय कुठं जाणार? आक्काबाईच्या गोठ्यामागं, कुंपणापाशी आले.

आत कंदील होता. सीमानं गोठा झाडला होता, बरा झाडला होता. आता ती टाकीवर ओणवी होऊन दांड्यानं शेण कालवत होती, नाक मुरडून, तोंड दुसरीकडं करून. रंगुबाई बघत उभी राहिली. पाणी कमी झालंय, आणखी घाल, असं तिच्या तोंडावर आलं होतं. सीमानं आपणहूनच आणखी पाणी घातलं.

तेवढ्यात कुंपणाची काटकी रंगुबाईच्या पायाखाली मोडली. घरातून आक्काबाईचा आवाज आला. ढास नाही, घरघर नाही, अगदी तरण्या बाईसारखा मोकळा आवाज.

"सीमे, कोन आलंय गं मागं?"

किती दिवसांत हा आवाज असा ऐकला नव्हता! रंगुबाईला इतकं बरं वाटलं की तिनं "मी हाय, आक्का" म्हणायला तोंड उघडलं. मग तिला वाटलं, आक्का विचारील, एवढ्या पहाटेची काय काम काढून आलीस? आणि आपल्या हातात तर पाटीसुद्धा नाही.

सीमानं कंदील वर करून अंधारात पाहिलं. तिला काही दिसलं नाही.

"कोनी न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली आणि पुन्हा शेण कालवायला लागली.

आतून आक्काबाईनं पुन्हा काही विचारलं नाही. रंगुबाई आल्या वाटेनं घरी गेली.